चौथ्या गाण्यातला आवाज

सोलापूर,
रविवार, ११ ऑगस्ट

बिभीषण,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची आपल्याकडं रीत आहे. तो सध्या राखून ठेवते. राग उतरला तर लिहीन.

तुझे चार व्हॉइस मेसेज आलेत. एकही उघडलेला नाही आणि तुझा फोनही मी उचलणार नाही. फोनवर बोललेलं तू कशात नेऊन घालशील याचा भरवसा उरलेला नाही. कागदावर लिहिलेलं निदान ढोलाच्या ठेक्यावर बसत नाही. तुझा पुण्याचा पत्ता तू पाठवलेल्या साडीच्या पाकिटावर सापडला.

तुझा 'तिसरा दगड' ऐकला. आठही गाणी, दोनदा. खरं तर वेगळं ऐकायची गरज नव्हती. मंगळवेढ्याच्या गाडीवर कंडक्टर म्हणून उभी राहिले की निम्म्या पोरांच्या मोबाइलवर तेच चालू असतं.

पयल्या दगडाला आजा नाचला,
दुसऱ्या दगडाला बा नाचला,
तिसरा दगड पुसतुया मला,
तुज्या घागरीत थेंब कुटं साचला?

इथं माझ्याही अंगावर काटा आला. पाण्याची योजना एक, तिच्या भूमिपूजनाचे दगड तीन आणि नळ एकाही घरात नाही, हे आपण जन्मापासून बघतोय. पण आमदारसाहेबाचं नाव घेऊन असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. गाणारा माझा धाकटा भाऊ आहे, असं मी दोघातिघांना सांगूनही टाकलं. त्या नादात एका म्हातारबाला तिकीट द्यायचं राहिलं.

मग चौथं गाणं लागलं आणि त्यात दादा बोलायला लागले.

दादा म्हणजे आपले वडील, बिभीषण. कोणी रस्त्यावरचा म्हातारा नव्हे. खाली नावांच्या यादीत तू लिहिलंयस, 'होईक : अज्ञात धनगर'. बापाला अज्ञात लिहिणारा तूच पहिला असशील.

तुला रीत ठाऊक नव्हती असं म्हणायची सोय नाही. दिवाळीच्या पाडव्याला जत्रेत दादांच्या अंगात बिरोबा येतो, येणाऱ्या सालाची होईक, म्हणजे भाकीत, सांगतो, ती सगळी वाडी ऐकते. ऐकत नाहीत ते एकटे दादा. शुद्धीवर आले की त्यांना काही आठवत नाही आणि कोणी त्यांना सांगायचंही नाही. ज्याचं तोंड देवानं वापरलं त्याच्या कानावर ते शब्द पडले, तर देव पुन्हा त्या अंगाला शिवत नाही. सत्तावीस वर्षं वाडीनं हे पाळलंय. तू सहा वर्षांचा असताना जेवताना दादांसमोर त्यांचीच होईक हातवारे करून म्हणायला लागलास, तेव्हा आईनं तोंडावर अशी मारली की ओठ फुटला. ती खूण अजून असेल तुझ्या ओठावर. आरशात बघ.

मंगळवारी गाडीत वाडीची सोजरबाई होती. शेजारच्या पोरानं चौथं गाणं लावलं. दादांचा आवाज आल्याबरोबर म्हातारीनं चपला काढल्या, पदर घेतला आणि त्या मोबाइलला हात जोडून डोकं टेकवलं. पोरगं हसायला लागलं. तेवढ्यात तुझा ठेका सुरू झाला आणि मागोमाग साहेबाच्या नावानं शिव्या. म्हातारीनं डोकं वर केलं. मला म्हणाली, "माया, देव कवापास्नं शिव्या द्याया लागला गं?"

मी पुढच्या माणसाला तिकीट दिलं.

ते रेकॉर्डिंग तुझ्याकडं कसं आलं हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तिसऱ्याला कळायचं कारण नाही. दादांकडं साधा फोन आहे, वाडीत त्यांच्यासमोर अजून कोणी ते लावलेलं नाही. त्यांच्या कानावर जायच्या आत ते गाणं काढून टाक. बाकीची सात राहू देत.

अक्का


सोलापूर,
रविवार, १ सप्टेंबर

बिभीषण,

तुझं पत्र पोचलं. आठ ओळी, त्यातल्या दोन तब्येतीच्या. आता गाणं काढलं तर साहेबाला घाबरून काढलं असं लोक म्हणतील, हे तुझं म्हणणं मला कळतं. दादांना त्रास होऊ नये म्हणून 'अज्ञात' लिहिलं, हेही खरं मानते. पण वाडी काय बहिरी आहे? सत्तावीस वर्षं ऐकलेला आवाज ती ओळखणार नाही?

इकडचं ऐक. साहेबाच्या माणसांनी वाडीचा टँकर बंद केला. विचारलं तर म्हणतात, पाऊस झालाय की. बायका पुन्हा लांबच्या विहिरीवर जातात. तरणी पोरं मात्र खूश आहेत, दोघांनी तुझ्या गाण्यातलं वाक्य शर्टावर छापून घेतलंय. त्यांच्या आया त्यांना विचारतात, शर्ट पिळून पाणी निघतंय का. अर्धी वाडी तुला वाघ म्हणते आणि अर्धी घरभेदी. गेल्या पाडव्याला तू आला होतास आणि चोरून रेकॉर्डिंग करून गेलास, असं सगळे धरून चाललेत. तू दोन वर्षांत फिरकला नाहीस हे कोणाच्या लक्षात नाही आणि मी ते कोणाला आठवून दिलेलं नाही. एवढं तू समजून घे.

आणखी एक. दादांच्या आवाजामागं एक बाई म्हणते, 'सरका की फुडं, सरका.' तेवढं तुला कापता आलं नाही? आता पोरांना तेच जास्त आवडतंय. मी गाडीत रोजच्यासारखी "सरका की फुडं" म्हणाले की मागून सगळे एका सुरात तेच म्हणतात आणि हसतात. परवा एक जण म्हणाला, "म्याडम, तुमी बी ऐकलंय की गानं." मी म्हटलं, सुट्टे दे.

कापायचं ते ठेवलंस आणि ठेवायचं ते कापलंस. देव म्हणाला होता, 'खुर्चीला कीड लागंल, मेंढरू तान्हेलं राहील, मेंढका तान्हेला राहील, पर मी कांबळ्याखाली घीन.' तू कीड तीनदा वाजवलीस आणि कांबळं फेकून दिलंस. देवाचं अर्धं वाक्य म्हणजे ते तुझं वाक्य झालं.

पुण्यात कोणीतरी तुझ्या गाण्यांवर लिहिलंय, ते इथल्या एका प्राध्यापकीण बाईंनी मला वाचून दाखवलं. 'मातीचा आवाज' म्हणे. मी त्या मातीला दर आठवड्याला डाळ-तांदूळ पोचवते.

अक्का


सोलापूर,
रविवार, १५ सप्टेंबर

बिभीषण,

झालं ते लिहिते.

दादांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. गुरुवारी माझी सुट्टी होती म्हणून त्यांना मंगळवेढ्याला दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोलापुरात करू. आम्ही स्टँडकडं परत निघालो. चौकात गणपतीचा मांडव, माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. मांडवातल्या पोरांनी चौथं गाणं लावलं.

मी दादांचा दंड धरला होता, तो ओढला. ते हलले नाहीत. स्पीकरमधून शब्द येत होते, मिरीग दगा दील, हस्त हात दील, खुर्चीला कीड लागंल. दादा मान वाकडी करून ऐकत होते. मला म्हणाले, "ह्यो कोन बोलतुया?"

मी म्हटलं, "असंल कुनीतरी. चला, मोटार चुकंल."

तेवढ्यात मागचं ते 'सरका की फुडं' आलं. दादांनी वळून माझ्या तोंडाकडं बघितलं. त्या डोळ्यानं त्यांना काय दिसत असेल ते त्यांनाच ठाऊक. मग म्हणाले, "चल."

मी पेरू घेतला होता, तो वाडीच्या फाट्यापर्यंत तसाच हातात धरून बसले.

त्यांना कळलं असेल का? माझं मन म्हणतं, नाही. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. मी स्वतःचाच आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हटलं, ही कोण किरट्या घशाची बाई. पण त्या दिवसापासून ते सकाळी देवळात जात नाहीत. सोजरबाईनं फोन करून सांगितलं.

आता लिहूनच टाकते. ते रेकॉर्डिंग मी केलं. मी तुला पाठवलं. आई गेल्यापासून तू पाडवा चुकवलास, म्हणून वाटलं, निदान जत्रेचा आवाज तरी तुझ्या खोलीत पोचावा. देवासमोर मोबाइल वर धरू नये हे मला कळत होतं, म्हणून पदराखाली धरला. समोर माणसं आडवी आली तर सवयीनं ओरडले, सरका की फुडं. तू वापरशील असं वाटलं नव्हतं, एवढाच काय तो माझा बचाव. तो किती पोकळ आहे हे तुझ्यावर चिडता चिडताच कळत होतं.

वाडीत अजून तुझंच नाव आहे. मला तोंड उघडायचा धीर होत नाही. मी लेक आहे, त्या उंबऱ्यात मला दर आठवड्याला जायचंय.

माया


सोलापूर,
रविवार, २० ऑक्टोबर

बिभीषण,

दादांचं ऑपरेशन चांगलं झालं. आठ दिवस माझ्याकडं आहेत. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात माळ, आणि चहा गोड नाही म्हणून रोज तक्रार.

बुधवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून म्हणाले, "माया, त्या पोराची गानी तुज्या फोनात असतील न्हवं? लाव."

मी म्हटलं, "कशाला दादा, धांगडधिंगा हाय नुसता."

"समदी लाव. ते बी लाव."

ते म्हणजे कोणतं, हे विचारायची गरज नव्हती. कोणीतरी सांगितलं असणार, वाडीत तोंडं काय कमी आहेत. मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दाराआड उभी राहिले. आठही गाणी ऐकली त्यांनी. दगडाच्या ओळीला मान डोलावली. साहेबाला शिव्या आल्या तिथं तोंड वाकडं केलं. पाचव्या गाण्यात तू आईच्या घागरीचं म्हणतोस, तिथं पट्टीवर हात ठेवला, मी धावत गेले आणि म्हटलं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. संपल्यावर म्हणाले, "पोरगं खोटं बोलत न्हाय. शिव्या नसत्या तर देवळात म्हनाया चाललं आसतं."

तुझ्या गाण्यांबद्दल इतक्या जणांचं ऐकलं, पण एवढं नीट बसून कोणी ऐकलं नव्हतं.

मग विचारलं, "कीड लागंल म्हनलो, त्येच्या फुडं काय म्हनलो हुतो मी?"

सत्तावीस वर्षांची रीत. पण आता राखायला उरलं काय होतं? सांगितलं, "पर मी कांबळ्याखाली घीन, असं म्हनला हुता."

"मंग त्ये का काडलं त्येनं? भ्या दाखवायचं आन् आसरा काडून घ्यायचा, आसं देव करत न्हाय. फुडारी करत्यात."

हे तुला लागेल. लागू दे, म्हणून लिहिलं.

काल बसप्पा पुजारी दोन माणसं घेऊन इथं आला होता. डोळा बघायला आलो म्हणाला, केळी आणली. ती माणसं साहेबाची. विधानसभेचं मतदान पाडव्यानंतर अठरा दिवसांनी आहे. "कोंडीबा, गेल्या साली देवानं कीड सांगितली," बसप्पा म्हणाला, "औंदा त्यो चांगलं बी सांगंल की. टँकर लगेच सुरू व्हतुया." आणि जाता जाता असंही म्हणाला की, औंदा देव आला नाही तर होईक सांगणाऱ्याची देवाची काठी त्याच्या पुतण्याच्या हातात द्यावी लागेल, कारण ज्याच्या घरातून देवाचा शब्द बाजारात गेला त्याच्याकडं काठी किती दिवस ठेवायची.

दादा म्हणाले, "देव आला तर देव बोलंल. न्हाय आला तर म्या गप."

ते गेल्यावर मला म्हणाले, "माया, पयले मला कंदी इचार करावा लागला न्हाय. देव यायचा, जायचा. आता सारकं मनात येतं, हुबा ऱ्हायलो तर काय बोलू." तीन वेळा तेच म्हणाले. केळी मी गाडीत वाटून टाकली.

बिभीषण, पाडव्याला ये. मारायचं तर मारतील तुला, पण ये.

माया


सोलापूर,
सोमवार, ४ नोव्हेंबर

बिभीषण,

तू आला नाहीस.

शनिवारी दुपारी दादा काठी घेऊन देवळापुढं उभे राहिले. नवं धोतर, खांद्यावर कांबळं. डोळा आता स्वच्छ झालाय, सगळ्यांची तोंडं त्यांना नीट दिसत होती. पूर्वी धूसर दिसायचं तेच बरं होतं. ढोल सुरू झाले, कैताळाच्या झांजा सुरू झाल्या. एरवी तिसऱ्या फेरीला त्यांचे हात थरथरायला लागतात. तिसरी झाली, पाचवी झाली. ढोलकरी दमले, दुसरे उभे राहिले. दादा तसेच उभे, डोळे मिटून. भंडारा उधळून उधळून लोकांचे हात थकले. मी बिरोबाला म्हणत होते, माझ्या अंगावर काय कोप करायचा तो कर, पण एकदा ये. तो आला नाही.

ढोल थांबले. एवढी माणसं आणि शेरडाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

तुझी माणसं, म्हणजे तालुक्यातली तुझी गाणी म्हणणारी पोरं, शंभरेक आली होती. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, साहेबाच्या दबावानं म्हातारा गप्प बसलाय, आपण त्याच्या पाठीशी उभं राहू. एकानं चाकाचा स्पीकर आणला होता. त्यानं चौथं गाणं लावलं.

दादा तोंड मिटून उभे, आणि देवळापुढं दादांचाच आवाज बोलतोय, खुर्चीला कीड लागंल, कीड लागंल, कीड लागंल. पोरांनी हात वर केले. म्हाताऱ्या बायांनी त्या स्पीकरला डोकी टेकवली, त्याच्यावर भंडारा पडायला लागला. आणि मग मागचं ते आलं. शंभर पोरं एका दमात ओरडली, "सरका की फुडं."

सोजरबाई तेवढी दादांच्या पायाशी आली. भंडारा त्यांच्या पायावर ठेवून म्हणाली, "देवा, तू हितं हायेस. त्यो डबा न्हवं."

दादा म्हणाले, "न्हाय गं सोजरे. हितं बी न्हाय." मग बसप्पाकडं वळले. "देव आला न्हाय. मला खोटं बोलाया यायचं न्हाय. घ्ये." काठी त्याच्या हातात दिली, खांद्यावरचं कांबळं नीट घडी करून बगलेत घेतलं आणि घराकडं चालायला लागले. बसप्पाच्या पुतण्याच्या अंगात दहा मिनिटांत देव आला. साहेबाचं पान हिरवं हाय म्हणाला. टँकर रविवारी सकाळी आला, मी स्वतः दोन घागरी भरल्या.

घरी आल्यावर मी दादांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, "दादा, बिभ्यानं न्हाय. म्या केलं ते. माज्या फोनात."

ते पाय धूत होते. म्हणाले, "ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? त्या दिशी चौकात ऐकलं न्हवं. माजा आवाज मला कुटं वळाकतुया, कंदी ऐकलाच न्हवता. तुजा वळाकला. म्हनलं, माया म्हागं हुबी हाय, म्हंजी फुडं मीच आसनार."

मग तांब्या पालथा घालून म्हणाले, "त्येला म्हनावं, पाडव्याला तरी घरी यायचं हुतं. काठी देताना ल्योक बाजूला लागतू."

दीड महिना, बिभीषण. दीड महिना त्यांना ठाऊक होतं. माझ्या घरी आठ दिवस राहिले, माझ्या हातचं खाल्लं, आणि बोलले नाहीत. मी सांगायची वाट बघत असतील. मी मात्र तुझ्या नावामागं उभी होते.

काल तुझे सगळे व्हॉइस मेसेज उघडले, नंतर साचलेलेसुद्धा. शेवटच्यात तू रडतोयस आणि म्हणतोयस, अक्का, गाणं काढून टाकतो. आता काढू नको. दादांच्या तोंडून देव पुन्हा बोलणार नाही. तो बोलला होता याची खूण तेवढी एकच उरली आहे, मग ती डब्यात का असेना. पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा पाठवलंय. कांबळं जोड. जे कापलं ते जोडता येतं ना तुमच्यात?

आणि ते 'अज्ञात' पूस. तिथं लिही, 'होईक : कोंडीबा, मेंढका'. त्याच्या खाली लिही, 'चोरून रेकॉर्डिंग : मायाक्का, कोंडीबाची लेक'. चोरून हा शब्द गाळू नको. वाडीत काय व्हायचं ते होऊ दे. मी रोज मंगळवेढा गाडीवरच आहे, ज्याला शिव्या द्यायच्यात त्यानं तिकीट काढून द्याव्यात.

आशीर्वाद.

अक्का